नाव टाकलेला डबा

मंगळवारी, बाहेर बाकांवर अजून अकरा मुलं वजनासाठी थांबलेली असताना, सरस्वतीने पिशवीतून स्टीलचा एक डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. आधी वास आला. करपायच्या जरा अलीकडे थांबलेल्या दुधाचा, आणि त्याच्या मागून व्हॅनिलाचा. हा वास मला माहीत होता. पण तो माझ्या घरातला होता. हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, जिथे मी कॅन्सर झालेल्या मुलांच्या आयांना काय खायला घालावं ते सांगते, त्या खोलीतला नव्हता. काही क्षण मला वाटलं, वास माझ्याच कपड्यांना येतो आहे. मी दुपट्टा नाकाशी नेला. दुपट्ट्याला साबणाचा वास होता.

मी तिला रागावले होते. तिची मुलगी चंचल, सहा वर्षांची, रक्ताचा कॅन्सर, गेल्या फेरीपेक्षा आठशे ग्रॅमने उतरली होती. सोळा किलोच्या मुलीत आठशे ग्रॅम म्हणजे पुष्कळ. वजन असंच उतरत राहिलं तर डॉक्टर पुढच्या केमोचं औषध कमी करतात, नाहीतर फेरी पुढे ढकलतात, आणि पुढे ढकललेल्या फेरीत आजाराला जागा मिळते. हे मी आयांना दिवसातून दहा वेळा सांगते, एकाच आवाजात. तिलाही सांगितलं आणि विचारलं, "काय देता तिला? खरं सांगा." त्याचं उत्तर म्हणून तिने डबा पुढे केला होता.

"हे देत होती, ताई. आता एवढंच राह्यलं."

तळाशी तांबूस पिठाचे दोन-तीन चमचे होते. मी चिमूट घेऊन बोटांत चोळली. तूप होतं. आणि तुपाखाली ती बारीक, जिभेला चिकटणारी भुकटी, जी मी डोळे मिटूनही ओळखते, कारण गेली नऊ वर्षं मी तीच लिहून देते आहे. डब्यात येणारी, प्रथिनांची पावडर. फक्त ती कोणी तुपात भाजलेली मी कधी पाहिली नव्हती.

"हे पीठ कुठलं?"

"खाली एक बाई यायची न, मोठ्यायच्या डेकेअरात. तिनं देल्लं."

मी झाकण लावायला उचललं आणि त्याच्यावरची अक्षरं दिसली. भांड्याच्या दुकानात छोट्या यंत्राने ठिपक्या-ठिपक्यांनी टोचतात तशी. सौ. सरलाबाई लोटू पाटील, लिंबायत. आणि 'पाटील'च्या पुढे, कारण नसताना, पाच-सहा ठिपक्यांची एक शेपटी. ती शेपटी माझी. मी सात वर्षांची होते, दुकानातला माणूस नाव टाकत होता, यंत्र डासासारखं गुणगुणत होतं, आणि अक्षरं कशी उमटतात ते पाहायला मी इतकी पुढे झुकले की त्याच्या कोपराला माझं डोकं लागलं. आईला वाचता येत नव्हतं. तिने मला ते मोठ्याने वाचायला लावलं, दोनदा, आणि शेपटीवर बोट ठेवून विचारलं, "आन हाई काय लिखेल शे?" मी म्हटलं, काही नाही, नुसते ठिपके. ती त्या माणसाकडे वळून म्हणाली, "भाऊ, ठिपकासना पैसा नहीं भेटाव." दुकानात सगळे हसले. त्यानंतर घरातल्या पन्नासेक भांड्यांत तो डबा मला लांबून ओळखू यायचा. पण आई गेल्यावर तो मांडणीवर नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. गेलेल्या माणसाच्या वस्तूंशी आपण किती जोडलेले असतो याबद्दल मी बरंच वाचलेलं आहे. मला तो डबा आठवलासुद्धा नव्हता.

"कधीपासून देत होत्या?" मी विचारलं. माझा आवाज नेहमीसारखाच होता. मी तो ऐकला.

"दिवाळीपासून. दर तीन आठवड्यानं यायच्या न त्या, त्यायचीबी केमो होती. आमची चंचल त्यायच्या बाजूनं जाऊन बसे. पयल्या दिवशी त्यायनं मले विचारलं, हेच पिवळ्या टोपीवाली का? मी म्हटलं हो. तर म्हणे, हे पीठ घे, लाडू वळून दे, भाजेल हाये, कच्चं काही नाही." सरस्वती मूळची अकोल्याकडची, नवरा निंबा बमरोलीत यंत्रमागावर आहे, बारा तासांची पाळी. ती माझ्या टेबलावरच्या काचेकडे बघून बोलत होती. "डबा मी कधी रिकामा नाही देल्ला, ताई. माह्या डब्यात पीठ उलटवून घ्यायची अन् त्यायच्या डब्यात काहीतरी टाकून वापस. कधी शेंगा, कधी मुरमुरे. शेवटच्या टाइमले त्या म्हणे, राहू दे डबा, पुढच्या फेरीले आन. मंग आल्याच नाही."

चंचल वजनकाट्यावर बसली होती, आकडा पाय हलवून वरखाली करत. "मम्मी, चल ने," ती म्हणाली. "आंटी तो रोज डांटती है."

"बस चूप. आंटी नाही, ताई म्हण." आणि मग माझ्याकडे वळून, जरा पुढे झुकून, सरस्वतीने विचारलं, "ताई, बऱ्या झाल्या असतीन न त्या? म्हणून येत नसतीन. बऱ्या झाल्यावर कोन येते हितं?"

मी पुढच्या मंगळवारची तारीख लिहून दिली. पेन्सिलीने वहीत वजन लिहिलं. १५.३.

आईने तिला माझ्याबद्दल सांगितलं नव्हतं, कारण मीच तसं बजावलं होतं. पहिल्या केमोच्या दिवशी, रिक्षातून उतरता उतरता मी म्हटलं होतं, मी इथे काम करते हे कुणाला सांगू नकोस, लोकांना वाटेल आपण रांग मोडतो. ती म्हणाली, बरं. आईने माझी सांगितलेली गोष्ट अक्षरशः पाळल्याचे प्रसंग फार थोडे आहेत. हा त्यांतला एक. तळमजल्यावर ती सुई लावून चार-चार तास बसायची, दोन जिने वर मी असायचे, आणि त्या चार तासांत तिचं एक वेगळंच आयुष्य चाललेलं होतं. त्यात पिवळी टोपी होती, शेंगा होत्या, आणि एक डबा होता. संध्याकाळी परत जाताना ती मुरमुरे खायची. दोन दोन दाणे. तिला तोंडात काही धरवत नव्हतं अशा दिवसांत ते मुरमुरे पाहून मला बरं वाटलं होतं. मी तिच्या आहाराची वही ठेवत होते, तिच्यात तारखेसह लिहिलेलं आहे: मुरमुरे, एक मूठ, स्वतःहून मागून. कुठून आणले विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, कॅन्टीनमधून.

ती वही आता माझ्या ऑफिसच्या खणात आहे. घरी ठेवायची नव्हती म्हणून. मंगळवारी सगळे गेल्यावर मी ती काढली. दिवसातून तीन वेळा पावडर, सहा-सहा चमचे, उकळून गार केलेल्या पाण्यात. सकाळची ती माझ्यासमोर घ्यायची, नाक दाबून, लहान मुलासारखी. दुपारची आणि संध्याकाळची मी नसताना. मी आल्यावर विचारायचे, ती म्हणायची, "पी लिधं." मी टिनाचा डबा उचलून अंदाज घ्यायचे, पावडर बरोबर तेवढीच उतरलेली असायची. मी टिकमार्क करायचे. वजन मात्र एक्केचाळीस, एकोणचाळीस, साडेसदतीस. मी बेरजा केल्या होत्या. एवढे उष्मांक पोटात जाऊनही वजन उतरतं याचा अर्थ शरीर ते घेत नाही, आजार घेतो आहे, असं मी डॉक्टरांना सांगितलं होतं, त्या वहीतला आलेख दाखवून. जानेवारीत त्यांनी केमो थांबवायचं ठरवलं. स्कॅनही तेच सांगत होता. स्कॅन तेच सांगत होता हे मी मंगळवारपासून स्वतःला बऱ्याच वेळा सांगितलं आहे, आणि ते खरं आहे. पण माझा आलेख खोटा होता हेही खरं आहे, आणि या दोन खऱ्या गोष्टी एकमेकींना भेटत नाहीत.

त्याच खणात चंचलचाही आलेख होता. तो वर जाणारा. दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत तिने जवळजवळ दीड किलो धरलं होतं. त्या महिन्यांत ट्रस्टकडून येणारी मुलांची पावडर कमी पडत होती. यादीत बत्तीस मुलं आणि टिन अठरा. चंचल पावडरीशिवाय वाढते आहे हे पाहून मी तिचं नाव यादीतून काढलं. शेंगदाणा-गूळ, उकडलेलं अंडं, भातात तूप, असा मी सरस्वतीला तक्ता दिला होता, आणि मला वाटलं होतं तो तक्ता लागू पडला. ट्रस्टच्या बैठकीत मी पडद्यावर तिचा आलेख लावला: घरच्या अन्नावर काय होऊ शकतं त्याचं उदाहरण म्हणून. कोणीतरी टाळ्या वाजवल्या होत्या. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले नाहीत. ठेवायची गरज नव्हती.

घरी, लिंबायतला परत जाताना रिक्षात मला दिवाळीआधीचं एक जेवण आठवलं. आईला डाळीचं पाणी देत होते आणि मी बोलत होते. मी कामावरचं घरी बोलते, वडिलांना यंत्रमागांवर काम करून कमी ऐकू येतं, म्हणून ते आईलाच ऐकावं लागायचं. बमरोलीची एक मुलगी आहे, म्हटलं होतं, टिन नाहीत म्हणून नुसती बसवून ठेवलीय, केमो पुढे गेली. आईने विचारलं, कोणती? मी म्हटलं, तुला काय करायचंय, खूप आहेत. ती म्हणाली, सांग तरी. मी म्हटलं, ती पिवळ्या टोपीची. तिने आणखी विचारलं, पावडर पीत नाही का ती? मी म्हटलं, पिते आणि ओकते, मुलांना वासच सहन होत नाही. आणि सवयीने पुढे म्हटलं, पेशी कमी असतात त्यांच्या, कच्चं काही द्यायचं नसतं, सगळं शिजवून, भाजून. आई डाळीच्या वाटीकडे बघत म्हणाली, "मंग तूच कच्चं पीठ पाजस लोकसले." मी हसले. तिच्या दृष्टीने टिनातली पावडर म्हणजे पीठच; आणि आमच्याकडे पीठ कोणी कच्चं पीत नाही, ते तव्यावर जातं. कळण्याची भाकरी असो की नागलीचं पीठ. मी तिला समजावलं नाही. मला झोप आली होती.

त्यानंतर दर तीन आठवड्यांनी, केमोच्या आदल्या सकाळी, मी आंघोळीला गेले की स्वयंपाकघरातून तो वास यायचा. मी विचारलं की ती म्हणायची, खीर लागली. जी बाई खीर खात नव्हती ती खीर कुणासाठी करत होती हे मी विचारलं नाही. इतकं साधं होतं ते. मी आहारतज्ज्ञ आहे. माझ्या घरात दर एकवीस दिवसांनी खीर करपत होती आणि घरात खीर नव्हती.

वडील दारात खुर्ची टाकून बसले होते. मी जवळ जाऊन, उजव्या कानाशी, मोठ्याने विचारलं, "दादा, आई तव्यावर काय भाजायची? पांढरं पीठ?"

"हा. ते धोयं पीठ." त्यांना लगेच आठवलं. "तूप टाके न भाजे. डोयाले पानी ई जाये, पन हालावाचं थांबे नहीं. मी म्हनं, बस कर ना, हात कापी ऱ्हायनात तुना."

"कुणासाठी, विचारलं नाहीस?"

"ईचारं ना. ती म्हने, पोरसाठे." समोरच्या खोलीत कोणीतरी साड्यांना टिकल्या चिकटवत होतं, गरम डिंकाचा वास येत होता. "माले वाटनं, तुनासाठे शे. तू डबा लई जास ना कामले."

मी चपला काढून आत गेले. बोलले असते तरी ते ओरडूनच बोलावं लागलं असतं.

आठवडाभर मी नेहमीसारखी कामावर गेले. वाटलं होतं राग येईल. तो आला नाही. मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती आणि ती विचित्र होती: दुपारची रिकामी खोली, आई टिनाचं झाकण काढते, सहा चमचे मोजते. तिला आकडे येत होते. ती सहा चमचे मोजून दुसऱ्या भांड्यात टाकते, नेमके, म्हणजे मी संध्याकाळी डबा उचलीन तेव्हा वजन बरोबर लागेल. माझ्या पद्धतीने मला फसवायचं तर माझी पद्धत तिला पूर्ण कळली पाहिजे होती, आणि ती कळली होती. मला वाटायचं ती माझं ऐकत नाही.

तिला भूक होती का, हे मला कळणार नाही. आजार असा होता की भूक बहुतेक नसावी. प्यायली असती तर तीन आठवडे अधिक, कदाचित सहा. मी हा हिशेब दुसऱ्या कुणाच्या आईसाठी केला असता तर सहज केला असता.

कपाटात आईची दोन टिन न उघडलेली होती. ती मोठ्यांची, सहा वर्षांच्या मुलीला देत नाहीत. इतके दिवस दिलं गेलं त्याने अपाय झाला नाही एवढंच. मी चंचलचं नाव यादीत परत घातलं, कारणाच्या रकान्यात 'पूर्वीची नोंद चुकीची' असं लिहिलं, आणि स्टोअरमधून तिच्या वाटणीचं लहान मुलांचं टिन घेतलं. ती पाण्यातून पिणार नव्हती, ओकणार होती. म्हणून मंगळवारी सकाळी मी कढई ठेवली. भाजल्याने काही जीवनसत्त्वं जातात. प्रथिनं जात नाहीत, उष्मांक तर तुपाने वाढतात. हे मी उगीच मनात म्हणून घेतलं. मंद आचेवर, सतत हलवत, पिठाला नुसता बदामी रंग येईपर्यंत भाजलं आणि वेळेवर उतरवलं. कुठे काळा ठिपका नाही. गार करून आईच्या डब्यात भरलं. डबा मी गेल्या मंगळवारी सरस्वतीकडून, उरलेलं तपासायला हवं असं सांगून, ठेवून घेतला होता.

हॉस्पिटलात सरस्वतीसमोर मी तो ठेवला तेव्हा तिचा चेहरा उघडला. दुसरा शब्द मला सुचत नाही.

"आल्या होत्या बाई?"

"त्यांच्या घरून आलंय," मी म्हटलं. हे मी आठवडाभर ठरवून ठेवलेलं वाक्य होतं. त्यात खोटं काही नव्हतं.

"पाय, चंचल! आजीनं पाठवलं." तिने तिथेच चिमूटभर पीठ मुलीच्या तळहातावर दिलं. चंचलने टोपी मागे सरकवली, जीभ लावली, विचार केला, पुन्हा लावली. केमोने मुलांच्या जिभेची चव जाते, सगळं पत्र्यासारखं लागतं; म्हणून त्यांना जोरकस चवीचं द्या, असं मी शिकवते.

"ये वो वाला नहीं है," ती म्हणाली.

"तेच हाये ग."

"नहीं है. वो जला हुआ था. वो अच्छा था."

सरस्वतीने डबा हातात घेतला आणि वास घेतला. बराच वेळ. मग झाकण उलटं करून त्यावरून अंगठा फिरवला, ठिपक्यांवरून, शेपटीपर्यंत. तिला वाचता येतं; चंचलच्या फायलीवर तीच सही करते. तिने झाकणाकडे पाहिलं, आणि माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे. आमच्याकडे ओळखपत्रावर वडिलांचं नाव घालतात. वर्षा लोटू पाटील. लोटू हे नाव खानदेशाबाहेर फारसं कुणी ठेवत नाही. मी हात वर नेऊन ते झाकू शकले असते.

बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं. खोलीत पंखा होता, वजनकाटा होता, फळांच्या चित्रांचा तक्ता होता.

"कधी?" तिने विचारलं.

"फाल्गुनात."

तिने चंचलकडे पाहिलं नाही. मला वाटलं होतं, ती आधी मुलीकडे बघेल. या मजल्यावरच्या सगळ्या आया अशी बातमी ऐकली की आधी आपल्या मुलाकडे बघतात. ती माझ्याकडेच बघत राहिली, आणि मग डब्यातलं पीठ आपल्या प्लास्टिकच्या बरणीत ओतायला लागली. हळू, एक कणही न सांडता. तळ बोटाने निपटून घेतला.

"जास्त भाजत जा, ताई," ती म्हणाली. "वास लागेस्तोवर. त्या म्हणे, लागायले आलं की अजून पाच मिनिटं."

"पाच?"

"पाच म्हणे. हात दुखला तरी."

मी ते लिहून घेतलं. वहीत, चंचलच्या पानावर, वजनाच्या खाली: मंद आच, वास लागल्यावर पाच मिनिटं. सरस्वतीने रिकामा डबा पदराने पुसला आणि थांबली. पिशवीत हात घातला. पाण्याची बाटली, फाईल, रिपोर्ट. तिच्याकडे त्या दिवशी काही नव्हतं. मग तिने चंचलच्या हातातली मुरमुऱ्यांची पुडी घेतली.

"ए! मारा छे!" चंचल म्हणाली.

"अर्धे. आजीचे हायेत."

"आजी तो आवी नथी."

"ताई नेईन."

चंचलने माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि पुडी स्वतःच डब्यावर उलटी धरली, अर्धी होईपर्यंत, मोजून.

रिक्षात डबा मांडीवर होता आणि खड्ड्यांतून मुरमुरे आत खुळखुळत होते, सगळ्या रस्त्यात. वडिलांना तो आवाज येण्यासारखा नव्हता, पण त्यांनी डबा ओळखला. ओळखतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी तो हातात घेऊन झाकण उघडलं.

"कोनी दिधं?"

मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकले. "आईला आलेत," मी ओरडून सांगितलं. शेजारच्या दारातून कोणीतरी मान बाहेर काढून पाहिलं.

त्यांनी दोन दाणे घेतले, आणि डबा माझ्यापुढे धरला.